वाचकांचे प्रश्न : जुन्या टँक वाघिणीचे पोट

वारसा रेल्वेवरील जुन्या टँक वाघिणींच्या, म्हणजे द्रव माल नेणाऱ्या मालगाडीच्या डब्यांच्या, दुरुस्तीविषयी गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांतून पाच पत्रे येथे निवडली आहेत. ती वेगवेगळ्या गटांकडून आलेली असली, तरी त्यांतील बहुतेक शंकांचे मूळ एकाच जागी आहे, आणि म्हणून त्यांना एकत्र उत्तर देणे सोयीचे वाटले.

प्रश्न : एका बंद पडलेल्या कारखान्याच्या सायडिंगवर कित्येक दशके उभी असलेली, रिव्हेट मारलेल्या टाकीची चारचाकी वाघीण आमच्या स्वयंसेवकांच्या गटाला मिळाली आहे. झाकण उघडले तेव्हा आत कोरडा गंज आणि तळाशी काळसर थर दिसला. वास जवळजवळ नव्हता. तळाचा सडलेला पत्रा गॅस कटरने कापून कामाला सुरुवात करावी, असा काही सभासदांचा आग्रह आहे. आपले मत काय?

उत्तर : कटर पेटवू नका, आणि झाकणातून कोणाला आतही उतरू देऊ नका. या टाकीत शेवटी काय भरले होते याचे उत्तर जोपर्यंत आपल्याकडे नाही, तोपर्यंत ती रिकामी आहे असे म्हणताच येत नाही.

भरलेल्या पेट्रोलच्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची असते, हे ऐकायला विचित्र वाटते. पण त्याचे कारण साधे आहे. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली की पेटते, आणि ते प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र हवा भरपूर असते, आणि एकोणीस घनमीटरची टाकी स्फोटाच्या सीमेत आणायला जेमतेम दीड लिटर पेट्रोलची वाफ पुरते. एवढे द्रव्य तर गंजाच्या पापुद्र्यांत, पत्र्यांच्या एकमेकांवर चढवलेल्या सांध्यांत आणि आतल्या आडव्या पडद्यांच्या (द्रवाचे हेलकावे अडवणाऱ्या पत्र्यांच्या) मागे सहज दडून राहते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने ती तळाशी साचते; झाकणापाशी नाक नेऊन घेतलेल्या वासाला त्यामुळे काहीच अर्थ उरत नाही.

आपण ज्याला काळसर थर म्हणता, त्याची मला अधिक काळजी वाटते. जड तेल, डांबर किंवा क्रिओसोट (लाकूड टिकवण्यासाठी लावतात ते डांबरी तेल) थंड असताना जवळजवळ वाफ सोडत नाही, त्यामुळे वायुमापक यंत्र शून्य दाखवते आणि सर्वांना हायसे वाटते. मग बाहेरून कटरची ज्योत लागते, पत्र्याच्या आतल्या बाजूचा तोच थर तापून वाफ सोडू लागतो, आणि ती वाफ पेटवायला ज्योत तेथे हजर असतेच. म्हणून ‘आत वायू नाही’ आणि ‘येथे ज्योत लावणे सुरक्षित आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि एका मापनावरून दुसरे सिद्ध होत नाही. ज्योतीचे काम करायचे तर थर प्रत्यक्ष खरवडून आणि धुऊन निघालेला असला पाहिजे.

माणसाच्या दृष्टीने आणखी एक धोका असा, की टाकीत विषारी काहीच नसले तरी नुसत्या गंजाने तो निर्माण होतो. लोखंड गंजताना हवेतील ऑक्सिजन वापरते. वर्षानुवर्षे झाकण बंद असलेल्या टाकीतील हवा दिसायला आपल्या भोवतीच्या हवेसारखीच असते, पण तिच्यात माणूस काही श्वासांतच शुद्ध हरपू शकतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो, आणि तो १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत शिरू नये, असा संकेत सर्वत्र पाळला जातो. मापन करताना आधी ऑक्सिजन पाहावा आणि मगच ज्वलनशील वायू, कारण ज्वलनशील वायू मोजणाऱ्या अनेक यंत्रांना नीट काम करण्यासाठी स्वतःलाच ऑक्सिजन लागतो. तो कमी असेल तर यंत्र खोटा दिलासा देते. मापन वर, मध्ये आणि तळाशी असे तिन्ही ठिकाणी घ्यावे. आत कोणी कोसळला तर त्याच्या मागे उडी घेणाऱ्याचाच जीव जातो, हा बंदिस्त जागांतील अपघातांचा जुना आणि दुःखद अनुभव आहे; म्हणून आत गेलेल्याला बाहेरून दोरीने ओढून काढता येईल अशी व्यवस्था आणि झाकणापाशी सतत उभा असलेला माणूस, या दोन्हींशिवाय काम सुरूच करू नये.

स्वच्छतेची रूढ रीत पाण्याच्या वाफेची आहे. टाकीत बराच वेळ वाफ सोडून संपूर्ण पत्रा हाताला चटका बसेल इतका तापू द्यावा लागतो, तेव्हा कुठे सांध्यांतील तेल सुटते. हे काम अनुभवी व्यावसायिकांकडूनच करून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. वाफेच्या झोताने स्थिर वीज निर्माण होते, म्हणून टाकी आणि नळी दोन्ही जमिनीशी तारेने जोडलेली हवीत. वाफ बंद केल्यावर झाकण लावले तर आतली वाफ निवून पाण्यात रूपांतरित होते, टाकीत पोकळी पडते, आणि बाहेरची हवा पत्र्याच्या दर चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा भार टाकते. अशा वेळी चांगली जाड टाकीही चुरगळलेल्या डब्यासारखी आत बसते. बाहेर पडणारे पाणी जमिनीत मुरू न देता साठवून योग्य ठिकाणी पोचवावे लागते. शेवटचा माल शिसेयुक्त पेट्रोल असण्याची शक्यता असेल, तर तळाचा गाळ हा वेगळाच विषय आहे. १९२३ पासून पेट्रोलमध्ये वापरात आलेले टेट्राएथिल शिसे कातडीतूनही शरीरात जाते आणि गंजात धरून राहते. तेथे हौशी माणसाचे काम नाही.

प्रश्न : आमच्या वाघिणीची कोणतीही कागदपत्रे उपलब्ध नाहीत आणि बाजूची अक्षरेही पुसली गेली आहेत. तिच्यातून काय वाहिले जात असे, हे शोधण्याचा काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि माझ्या मते पुनरुज्जीवनातील हाच सर्वांत आनंदाचा भाग आहे, कारण टाकीची रचना तिच्या मालाला अनुसरून झालेली असते.

सुरुवात मोजपट्टीने करावी. टाकीचा व्यास आणि लांबी मोजून घनफळ काढा, आणि सांगाड्यावर किंवा बिडाच्या पाटीवर वाहनक्षमता कोरलेली असेल तर ते वजन या घनफळाने भागा. समजा व्यास २ मीटर आणि लांबी ६ मीटर आहे, तर घनफळ जवळजवळ १९ घनमीटर भरते. वाहनक्षमता १४ टन असेल तर दर घनमीटरला सुमारे पाऊण टन येतात, आणि हे पेट्रोलचे वजन आहे. हाच भागाकार एकाच्या थोडा वर आला तर डांबराचा विचार करावा. तो पावणेदोनच्या पुढे गेला, म्हणजे भक्कम सांगाड्यावर विजोड वाटावी इतकी लहान टाकी बसवलेली असली, तर ती तीव्र गंधकाम्लाची असण्याचा संभव मोठा. लांबून पाहतानाही टाकी आणि सांगाडा यांचे हे प्रमाण सरावलेल्या डोळ्याला कळते.

मग टाकीच्या अंगावरच्या खुणा वाचाव्यात. आत वाफेच्या नळ्यांची वेटोळी असतील तर माल थंडीत घट्ट होणारा होता, म्हणजे डांबर, बिटुमेन किंवा जड इंधन तेल. बाहेर पत्र्यावर ओळीने छोटे खुंट किंवा पट्ट्यांचे अवशेष असतील तर तेथे उष्णतारोधक आवरण होते. तळाला झडपच नसून सगळ्या नळ्या वरून आत गेलेल्या असतील तर आम्ल किंवा तसाच धोकादायक द्रव आठवावा. तळाची झडप गळण्याची भीती नको म्हणून असा माल वरून, बऱ्याचदा दाबाच्या हवेने, बाहेर काढीत. आतून काचेचा लेप असेल तर दुधाची टाकी. ब्रिटनमध्ये अशा टाक्या १९२७ पासून धावू लागल्या.

वरचा घुमट तेवढ्यापुरता मात्र फसवा असतो. तो पाहून पुष्कळांना वाफेच्या इंजिनाची आठवण होते, पण येथे त्याचे एक महत्त्वाचे काम म्हणजे तापून फुगलेल्या द्रवाला जागा देणे. पेट्रोल एक अंश तापमानवाढीला हजारात एक भाग या हिशेबाने फुगते. म्हणजे पहाटे भरलेले वीस हजार लिटर तीस अंशांनी तापले तर सहाशे लिटरच्या आसपास वाढते, आणि त्याला कोठेतरी जावेच लागते. रुळांवरून तेल नेण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नांत, १८६५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या तेलक्षेत्रात डेन्समोर बंधूंनी सपाट वाघिणीवर दोन उभी लाकडी पिंपे बसवली होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत आडवी लोखंडी नळकांडी टाकी आली, आणि आज आपण जिला टँक वाघीण म्हणून ओळखतो तो आकार रूढ झाला.

शेवटी रंग. एखाद्या आडोशाच्या जागी, पाटीच्या मागे किंवा आधाराच्या कडेला, अगदी बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल घासत गेले की रंगाचे थर झाडाच्या वलयांसारखे उलगडतात. ब्रिटिश वाघीण असेल आणि रुपेरी रंगाखाली सांगाड्याला लाल रंग सापडला, तर ती पेट्रोलसारखा सहज पेटणारा माल नेणारी होती असे धरण्यास चांगला आधार मिळतो. जड तेलांच्या टाक्या काळ्या असत. कोरडे घासू नका, जुन्या रंगात शिसे असते.

प्रश्न : टाकीच्या तळाच्या पत्र्यांत आरपार छिद्रे आहेत. काही जण म्हणतात की संपूर्ण तळ नव्या पोलादी पत्र्याने वेल्ड करून बदलावा आणि वरून रिव्हेटची डोकी चिकटवावीत. काही जणांना एकही मूळ पत्रा काढणे मान्य नाही. आम्ही मध्येच अडकलो आहोत.

उत्तर : दोन्ही बाजूंनी आधी एक तपासावे : ही टाकी सांगाड्यावर नुसती ठेवलेली आहे, की टाकी हाच वाघिणीचा कणा आहे? जुन्या वाघिणींत बफर आणि कपलिंगचा सगळा जोर खालचा सांगाडा घेतो आणि टाकी आधारांवर निजलेली असते. नंतरच्या काही रचनांत वेगळा सांगाडाच नाही, ओढण्या-ढकलण्याचा जोर टाकीच्या पत्र्यातून जातो. आपली टाकी रिव्हेटची आणि वेगळ्या सांगाड्यावरची असल्याचे पत्रासोबतच्या वर्णनावरून दिसते. असे असेल तर पुन्हा द्रव भरायचा नसलेल्या टाकीच्या तळाला छिद्रे असणे हा बळकटीचा प्रश्न नाही, आणि मी ती छिद्रे राहू देईन.

ती छिद्रे तेथेच का पडली, यालाही काही अर्थ आहे. तेलाबरोबर आलेले किंवा थंडीत साकळलेले पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसते, आणि म्हणून तेलाची टाकी आतून नेमकी सर्वांत खालच्या पट्ट्यात सडते. बाहेरून ती आधारांशी सडते, कारण टाकी आणि आधार यांच्या फटीत ओल टिकते. तेथे साचलेला गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो आणि हळूहळू पत्रा उचलून वाकवतो. म्हणून छिद्रांपेक्षा आधारांखालची जागा आधी पाहा. टाकी उचलल्याशिवाय ती दिसत नाही, आणि ती न पाहताच रंग दिलेल्या वाघिणी थोड्याच वर्षांत त्याच ठिकाणी फुगतात. पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक मापकाने चौकटी आखून मोजावी आणि आकडे नकाशावर लिहून ठेवावेत.

पत्रा बदलावाच लागला तर पत्रा कशाचा आहे हे कळल्याशिवाय वेल्डिंग करू नये. एकोणिसाव्या शतकातील बरेच काम घडीव लोखंडाचे आहे. त्यात धातुमळीचे धागे असतात, पत्रा थरांचा असतो, आणि वेल्डच्या उष्णतेने थर सुटे होऊ शकतात. रिव्हेटचे काम रिव्हेटनेच करावे, असा माझा स्पष्ट कौल आहे. लालबुंद तापवलेला रिव्हेट ठोकून बसवला की निवताना आखडतो आणि दोन पत्रे एकमेकांवर आवळून धरतो. सांध्याची खरी ताकद या आवळण्यात आहे, आणि चिकटवलेल्या डोक्यांत ती नसते. अशी डोकी बसवायचीच असतील तर ती खोटी आहेत हे लेखी नोंदवावे आणि नव्या पत्र्यावर आतल्या बाजूने वर्ष ठोकावे. काढलेल्या पत्र्याचा एक तुकडा, दोन-चार रिव्हेटांसह, जपून ठेवावा. स्वयंसेवकांनी रेल्वे चालवण्याची चळवळ वेल्समधील टॅलिलिन रेल्वेवर १९५१ मध्ये सुरू झाली तेव्हापासून इंजिने आणि प्रवासी डबे यांना कळवळ्याने वाचवणारे पुष्कळ निघाले. मालवाघिणींच्या वाट्याला ते प्रेम उशिरा आले, आणि म्हणून वाचलेल्या वाघिणींमधला खरा, मूळ पत्रा फार थोडा उरला आहे.

एक गोष्ट मात्र टाळू नये. टाकीला पुढे-मागे सरकू न देणारे टोकांचे लाकडी ठोकळे, आडवे पट्टे आणि ताणसळ्या, ‘आता टाकी रिकामीच राहणार’ म्हणून पुष्कळ गट सोडून देतात. शंटिंगच्या एका धक्क्यात रिकामी टाकीसुद्धा आधारांवरून घसरू शकते. कुजलेले ठोकळे नव्या टणक लाकडाचे करावेत आणि ताणसळ्या दोन्ही बाजूंनी सारख्या आवळाव्यात.

प्रश्न : ही वाघीण प्रदर्शनाच्या मालगाडीत सावकाश चालवायची आहे. वेग अगदी कमी असेल. चाके आणि आस जुन्याच ठेवून चालेल का?

उत्तर : जुन्या ठेवाव्यात, पण तपासलेल्या. कमी वेगाने आसाचा तडा थांबत नाही. तडा बहुधा चाकाच्या तुंब्याखाली, जेथे चाक आसावर दाबून बसवलेले असते तेथे सुरू होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नसल्याने आसाच्या टोकाकडून अल्ट्रासॉनिक तपासणी करावी लागते. ती प्रशिक्षित माणसाकडून करवून घ्यावी. तापवून चढवलेली पोलादी धाव असेल तर हातोडीने ठोकून पाहावी : घट्ट धाव घणघणते, सैल धाव बद्द वाजते. धाव आणि चाक यांच्यावरून आरपार एक रंगाची रेघ ओढून ठेवली की धाव घसरली तर रेघ तुटलेली दिसते. दोन चाकांच्या आतल्या कडांमधले अंतर परिघावर तीन ठिकाणी मोजावे. ते तिन्ही ठिकाणी सारखे नसेल तर आस वाकलेला आहे.

अ‍ॅक्सलबॉक्स (आसाची टोके जिच्यात फिरतात ती पेटी) उघडल्यावर बेअरिंगमधील व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूचा थर भेगाळलेला किंवा सुटलेला नाही ना, आणि आसाची घासली जाणारी बाजू गंजाने खडबडीत नाही ना, हे पाहावे. वंगण पोचवणारी लोकरीची गादी नवी घालावी. वर्षानुवर्षे वाळलेली गादी तेलात भिजवली तरी पूर्वीसारखे तेल वर ओढील याची खात्री नसते, आणि बेअरिंग तापून गाडी वाटेत थांबवावी लागते. पहिली फेरी थोड्या अंतराची ठेवून प्रत्येक थांब्याला अ‍ॅक्सलबॉक्सच्या अंगावर हात ठेवून पाहणे, ही जुन्या कामगारांची रीत आजही उत्तम आहे. सांगाड्यावर कोठेही वेल्डिंग करताना परतीची तार वेल्डच्या अगदी जवळ जोडावी, नाहीतर विजेचा प्रवाह बेअरिंगमधून रुळाकडे जातो आणि ते डागते.

रिकामी चारचाकी टाकी हलकी असते आणि तिचा गुरुत्वमध्य उंच असतो. तिच्या चारही कमानपाट्यांची उंची सारखी नसेल तर एका चाकावरचा भार इतका कमी होतो, की पिळलेल्या रुळावर तेच चाक वर चढते. म्हणून पाट्यांची उंची सपाट, तपासलेल्या रुळावर उभे करून मोजा. गाडीत जोडण्यापूर्वी ब्रेकची व्यवस्था आपल्या रेल्वेच्या नियमात बसते की नाही, हे तेथील तपासनिसांशी बोलून ठरवावे.

प्रश्न : टाकी साफ झाल्यावर इंजिनासाठी पाणी साठवायला वापरता येईल का? आणि गळती तपासण्यासाठी हवेचा दाब द्यावा काय?

उत्तर : हवेचा दाब देऊ नये. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी ऊर्जा धरून ठेवते आणि जुना सांधा उकलला तर ती एकदम सुटते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून गळती पाण्यानेच पाहतात. पण येथेही तिच्या मूळ मालाचे वजन आडवे येते. वर सांगितलेली १९ घनमीटरची पेट्रोलची टाकी काठोकाठ पाण्याने भरली तर तिच्यात १९ टन होतात, आणि चाके, पाटे व आस यांची क्षमता १४ टनांची आहे. अशी टाकी रुळांवर तीन-चतुर्थांशापेक्षा कमीच भरावी, किंवा पूर्ण भरायची तर ती सांगाड्यावरून उतरवून भक्कम आधारांवर ठेवून भरावी. अर्धवट भरलेले पाणी चालताना हेलकावे घेते आणि आत पडदे नसतील तर ब्रेक लावल्यावर गाडीला पुढून-मागून धक्के देते. ज्या टाकीतून डांबर किंवा शिसेयुक्त पेट्रोल गेले, तिच्यातील पाणी कितीही धुतले तरी पिण्यासाठी वापरू नये, आणि तेलाचा अंश बॉयलरमध्ये गेला तर पाणी फेसाळते, म्हणून इंजिनासाठीही मी ते टाळीन. स्थिर साठ्यासाठी दुसरी टाकी शोधावी.

काम पूर्ण झाल्यावर झाकणाला कुलूप असावे, कारण मुले टाकीवर चढतात आणि आतली हवा पुन्हा गंजाने विटाळते. झाकणाच्या आतल्या बाजूला पितळेची एक छोटी पाटी बसवा आणि तिच्यावर शेवटचा माल कोणता होता, टाकी कधी व कशी धुतली आणि आत शिरण्यापूर्वी काय मोजावे, हे कोरून ठेवा. पुढचे झाकण उघडणारा माणूस आपल्या गटातला नसेल.